ऑगस्टमध्ये माळशेज, नाणेघाट, हरिश्चंद्रगड: धुकं-पावसात फोटोंचं नियोजन कसं करावं?

चिंब_चौकट

मंडळी, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस हातात आहेत. पहिला दिवस माळशेज, दुसरा नाणेघाट, तिसरा पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड आणि चौथा कास, असा कच्चा बेत आहे. हेतू फक्त निसर्गचित्रणाचा. सामान असं: क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा साधा कॅमेरा (वेदर सीलिंग, म्हणजे पाणी-धूळ रोखणारी बांधणी, नाही), १८-५५ आणि १०-१८ मिलिमीटरच्या लेन्स, अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड, पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर). मित्राकडून ५५-२५० आणि एनडी (उजेड कमी करणारे) फिल्टर मिळू शकतात, पण पाठीवरचं वजन वाढवायचं नाही.

प्रश्न तीन. अॅपवर चारही दिवस "९० टक्के पाऊस" दिसतोय, तर कुठल्या दिवशी कुठे जायचं हे ठरवायचं कशावरून? धुक्यात सगळं राखाडी, मातकट येतं, ते टाळायचं कसं? आणि सीलिंग नसलेला कॅमेरा अशा हवेत चार दिवस धडधाकट ठेवायचा कसा?

---

कातळकडा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दिवसाला ठिकाण बांधूच नका, उंचीला बांधा.

अॅपवरची टक्केवारी इथे कुचकामी आहे. हवामानाच्या जागतिक मॉडेलचा एकेक चौकोन दहा-वीस किलोमीटरचा असतो. त्यात मोरोशी, माळशेजचा माथा आणि खुबी फाटा सगळे एकत्र येतात, म्हणून तिन्हीकडे तोच आकडा दिसतो. प्रत्यक्षात माथ्यावर हात दिसत नाही तेव्हा दहा किलोमीटरवर लख्ख उजेड असू शकतो.

त्यापेक्षा ढगांचा तळ काढा. कोकणातल्या जवळच्या केंद्राचं (कल्याण, मुरबाडकडचं मिळालं तर उत्तम) आत्ताचं तापमान घ्या, त्यातून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं बाष्प थेंब धरू लागतं तो) वजा करा आणि १२५ ने गुणा. तेवढ्या मीटरवर ढगाचा तळ. ही ढोबळ रीत आहे, पण पहाटे पाचला निर्णय घ्यायला पुरते.

तापमान २५ आणि दवबिंदू २४ असेल तर तळ सव्वाशे मीटरवर, म्हणजे घाट विसरा. २९ आणि २५ असेल तर पाचशे मीटर. माळशेजचा माथा सातशेच्या आसपास, म्हणजे वर पांढरा अंधार. अशा दिवशी घाट चढूच नका. खाली मोरोशी-टोकावडे पट्ट्यात थांबा. भैरवगडाची भिंत आणि घाटाचे धबधबे खालून दिसतात, वर ढगाचं छत येतं, आणि नाणेघाटाकडचा नानाचा अंगठा वैशाखऱ्याच्या बाजूने ढगात घुसलेला मिळतो. ३१ आणि २४ असेल तर तळ पावणेनऊशेवर. तेव्हा माळशेज आणि नाणेघाट मोकळे, हरिश्चंद्रगडाचा माथा (१४०० च्या आसपास) ढगात. गडावर कधी जायचं? पावसाला खंड पडलाय, वारा मंदावलाय आणि माथा ढगांच्या वर निघायची शक्यता आहे, तेव्हा.

वाऱ्यासाठी ८५० हेक्टोपास्कलचा नकाशा बघा, साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा. पश्चिमेचा वारा ३५ नॉटच्या वर असेल तर माथे दिवसभर झाकलेले राहतात. २० च्या खाली आला की ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो, आणि फोटो त्याच खेळात मिळतात.

रडारवर फार विसंबू नका. मुंबईच्या रडारचा सर्वांत खालचा किरण शंभर किलोमीटरवर पोचेपर्यंत जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर वर गेलेला असतो. आपल्याकडचा घाटातला पाऊस पुष्कळदा त्याच्याखालच्या बुटक्या ढगांतून पडतो. रडार कोरडं दाखवतंय आणि तुम्ही नखशिखांत भिजताय, हे त्यामुळे होतं. सकाळी उपग्रहाचं दृश्य-प्रकाशातलं चित्र त्यापेक्षा उपयोगी. त्यात ढगांच्या पट्ट्यांमधली फट कुठे आहे आणि कुठे सरकतेय ते दिसतं.

मुक्काम मात्र पूर्वेला ठेवा, ओतूर किंवा जुन्नरला. पाऊस माथ्यावर आपटून रिकामा होतो. महाबळेश्वरपासून पाचगणी वीस किलोमीटरही नाही, तरी पाऊस जेमतेम एक तृतीयांश. इथेही तोच हिशोब. घाट बंद असेल त्या दिवशी चावंड, हडसर, माणिकडोहचा जलाशय, पिंपळगाव जोगाचं पाणी हे सगळं जवळ आहे. पिंपळगाव जोगाच्या काठावरून पश्चिमेला पाहिलं की घाटावरून ओसंडणारे ढग समोर दिसतात. ते चित्र घाटात उभं राहून कधीच मिळत नाही.

---

एफ_आठ

धुक्याबद्दल.

राखाडी का येतं? कॅमेऱ्याचं मीटर समोर दिसेल ते मधल्या राखाडीवर आणून ठेवतं. धुकं पांढरं आहे हे त्याला ठाऊक नाही. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनच्या चाकावर (फोटो मीटरपेक्षा उजळ किंवा गडद करायची सोय) +२/३ ते +१ द्या. हिस्टोग्रामचा (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) उंचवटा मध्याच्या उजवीकडे आला पाहिजे, पण उजव्या भिंतीला चिकटता कामा नये. ढग फाटून ऊन पडलं की मात्र लगेच −१/३ वर या, नाहीतर उन्हातला ढग जळतो. हे चाक अंगठ्याखाली ठेवा, मेन्यूत शोधत बसलात तर फट मिटलेली असेल. अशी फट दोन-तीन मिनिटं टिकते. ट्रायपॉड आधीच लावलेला, चौकट ठरलेली, फोकस हाताने केलेला. उघडलं की फक्त बटण.

फोकस हातानेच, कारण धुक्यात ऑटोफोकसला पकडायला कडा मिळत नाही आणि तो पुढेमागे भटकत बसतो. लाइव्ह व्ह्यू मोठा करून एखाद्या झाडाच्या बुंध्यावर लावा आणि सोडून द्या. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची जुळणी) ऑटोवर ठेवला तर चौकटीगणिक रंग बदलतो. ५५०० ते ६००० केल्व्हिनवर पक्का करा.

लेन्सबद्दल तुमची निवड उलटी आहे. १०-१८ घरी ठेवा, ५५-२५० घ्या. धुक्यात अंतरागणिक कॉन्ट्रास्ट मरतो, त्यामुळे वाइडमध्ये (रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्समध्ये) तळाला जरासं गवत आणि वर नुसता पांढरा पडदा उरतो. ८० ते २०० मिलिमीटरमध्ये दहा मीटरवरचं झाड गडद, तीस मीटरवरचं फिकं, त्यामागचं जेमतेम रेघेइतकं, असे थर मिळतात. धुक्यातला फोटो म्हणजे मुळात हे थर. दरी दिसत नसेल तर दरीचा हट्ट सोडा, रस्त्याकडेचं उंबराचं झाड घ्या.

नंतर संगणकावर डीहेझची (धूसरपणा काढणारी) पट्टी ओढायचा मोह होईल. १०-१५ च्या पुढे नेऊ नका. आकाशात पट्टे पडतात, नॉइज वर येतो आणि धुक्याचं धुकेपण जातं. काळा रंग थोडा उचललेलाच बरा दिसतो.

---

दमट_हवा

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. सीलिंग नसलेला कॅमेरा थेट पावसाने जितका मरतो त्याहून जास्त गाडीच्या एसीने मरतो.

माथ्यावर तापमान २३-२४ आणि आर्द्रता ९५ टक्के असते तेव्हा दवबिंदू २२-२३ असतो. गाडीत एसी २० वर. म्हणजे लेन्सची काच दवबिंदूच्या खाली गेलेली. दार उघडून कॅमेरा बाहेर काढला की काचेवर बाष्प धरलंच. पुढचं पुसता येतं, आतल्या काचेवर आणि सेन्सरसमोर धरलं तर नुसतं थांबायचं. इलाज फुकट आहे: पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद, काचा खाली. ते जमत नसेल तर कॅमेरा झिपच्या पिशवीत हवा दाबून बंद करा आणि बाहेर आल्यावर ३०-४० मिनिटं पिशवी उघडू नका. बाष्प पिशवीवर धरतं, कॅमेऱ्यावर नाही. खोलीतल्या एसीलाही हेच लागू.

आता पावसासाठी कव्हर. विकतचं घेऊ नका असं नाही, पण घरचं चांगलं होतं. जाड पारदर्शक प्लास्टिकची साधारण ४० बाय ६० सेंटिमीटरची पिशवी घ्या. बंद बाजूला लेन्स हूडच्या व्यासापेक्षा एक-दीड सेंटिमीटर लहान भोक पाडा, ते ताणून हूडवर चढवा. वरून रबरबँड लावू नका, ओला झाला की घसरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची सेंटिमीटरभर रुंद चकती कापा. ती ओली असली तरी पकड सोडत नाही. पिशवीची उघडी बाजू खाली, तिथून हात आत. इरल्याची रचना अशीच, वरून बंद आणि खालून हवेशीर. खालचं तोंड गाठ मारून बंद केलंत तर आत तासाभरात वाफ धरेल.

पुसायला दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बॉडी आणि ट्रायपॉडसाठी सुती पंचा, पाणी तो जितकं पितो तितकं कुठलंच महागडं कापड पीत नाही. काचेसाठी मायक्रोफायबर, किमान चार, प्रत्येक वेगळ्या झिप पिशवीत. ओलं झालेलं कापड काचेवर नुसतं पाणी पसरवतं. थेंब आधी ब्लोअरने उडवा, मग टिपा. आणि कागदी रुमाल काचेला लावू नका, त्याचे तंतू ओल्या काचेला चिकटून राहतात.

लेन्स उघड्यावर बदलायची नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. हे कमी जणांना माहीत असतं: तुमची १८-५५ झूम करताना नळी आत-बाहेर होते आणि दर वेळी बाहेरची दमट हवा आत ओढते. पाऊस चालू असताना एकच फोकल लेंथ ठरवा आणि नळीवरचं पाणी पुसल्याशिवाय ती आत घेऊ नका.

रात्री: आधी पंचाने पुसा, बॅटरी आणि कार्ड काढा, झाकणं उघडी ठेवून दोन तास पंख्याखाली. मग हवाबंद डबा, दहा लिटरचा पुरे, त्यात २०० ग्रॅम सिलिका जेल. इथे लोक चुकतात ते पट्ट्यात. दहा लिटर हवेत पाव ग्रॅमही पाणी नसतं, पण भिजलेल्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यात काही ग्रॅम सहज असतं. पट्टा आणि बॅग डब्यात घातलीत तर जेल रात्रीतून संपलं समजा. ते बाहेर वाळवा. जेल नारंगीचं हिरवं (किंवा निळ्याचं गुलाबी) झालं की ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवून परत वापरता येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, तेव्हा ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालू नका.

तांदळाच्या डब्याचं कुणी सुचवेल. पाणी फारसं शोषत नाही आणि भुकटी मात्र बटणांत जाते. तांदूळ भातासाठी.

---

चिंब_चौकट

एवढं तपशिलात मिळेल असं वाटलं नव्हतं. ५५-२५० घेतो, १०-१८ राहिली. आता पुढचं: धबधब्यांसाठी एनडी घ्यावा का? नाणेघाटाचा उलटा धबधबा कसा टिपायचा? आणि कोकणकड्यावर इंद्रवज्र (समोरच्या ढगावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य) दिसण्याची शक्यता धरून वेळ राखून ठेवावा का?

---

एफ_आठ

एनडी नको, गणित करून बघा. दाट ढगाखाली आयएसओ १०० आणि एफ ११ ला शटर साधारण १/८ येतो. पोलरायझर दीड स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे १/३ सेकंद. पाण्याला हेच हवं: १/४ ते १/२ सेकंदात धारा दिसतात आणि मऊपणाही येतो. तीन स्टॉपचा एनडी लावलात की अडीच-तीन सेकंद होतील आणि धबधब्याच्या जागी सांडलेलं दूध दिसेल. शिवाय तेवढ्या वेळात वाऱ्याने सगळं गवत पुसट.

पोलरायझर मात्र काढू नका. आभाळासाठी त्याचा इथे उपयोग शून्य, पण ओल्या पानांवरची आणि कातळावरची पांढरी चमक तो काढतो आणि खालचा हिरवा, काळा रंग वर येतो. फिरवताना झाडाकडे नाही, ओल्या दगडाकडे बघा, फरक तिथे आधी कळतो.

उलट्या धबधब्याला मात्र सगळं उलटं. तिथे पाण्याचे थेंब वाऱ्याने वर फेकले जातात, मंद शटरला ते नुसती वाफ दिसतात. १/५०० ते १/१०००, आयएसओ ८०० पर्यंत वाढवा, मागे काळा कातळ येईल असा कोन शोधा. समोर उभं राहिलात तर ते सगळं पाणी तुमच्याच लेन्सवर येणार. बाजूला सरका, वाऱ्याकडे पाठ. दोन चौकटींमध्ये लेन्स जमिनीकडे. आणि वारा पश्चिमेकडून जोराचा नसेल तर तिथे साधा, सरळ खाली पडणारा धबधबा असतो. तेव्हा वाऱ्याचा नकाशा इथेही बघाच.

---

कातळकडा

इंद्रवज्राची भूमिती सोपी आहे. सूर्य तुमच्या पाठीशी, ढग तुमच्या समोर आणि खाली, मध्ये तुम्ही. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे हे सकाळचं काम: तारामतीच्या बाजूने ऊन वर आल्यावर, साडेसात ते साडेनऊ. संध्याकाळी सूर्यच समोर असतो, त्यासाठी थांबू नका. ढग कड्याच्या ओठाखाली हवेत, ओठावर नाही. म्हणून जोरदार पावसाचा दिवस नव्हे, उघडिपीतली सकाळ. ही काही आजची नवलाई नाही, हरिश्चंद्रगडावरच्या गोल इंद्रधनुष्याची कर्नल साइक्सची १८३५ सालची नोंद प्रसिद्धच आहे.

याला वाइड लेन्स लागत नाही. वर्तुळ लहान असतं, ५० ते १०० मिलिमीटरमध्ये भरतं. इथे मीटर शून्यावर ठेवा, +१ दिलंत तर रंग धुऊन जातात. पोलरायझर फिरवून बघा. एका कोनात रंग खुलतात, दुसऱ्या कोनात फिके पडतात.

साध्या इंद्रधनुष्याचं वेगळं. त्याची त्रिज्या ४२ अंश, म्हणजे सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असला की सपाट जागेवरून दिसणारच नाही. पूर्ण कमान एका चौकटीत हवी तर क्रॉपवर १२ मिलिमीटरच्या आसपास लागते. तुमच्या १८ मध्ये मावणार नाही, पॅनोरामा करा. त्यासाठी १०-१८ परत बॅगेत टाकू नका बरं का.

---

ओली_वाट

दोन ठिकाणी मतभेद आणि एक दुरुस्ती.

यूव्ही फिल्टरचा विषय कुणी काढला नाही. एरवी मीही त्याच्या विरोधात, उजेडासमोर भुतं (प्रतिबिंबांचे डाग) येतात. पण घाटात लावा. दिवसातून पन्नास वेळा काच पुसणार, ती फिल्टरची असू दे. पोलरायझर लावायचा तेव्हा मात्र यूव्ही काढून. एकावर एक दोन चढवले की मध्ये ओल अडकते आणि ती पुसायला दोन्ही उघडावे लागतात, तेही पावसात.

ट्रायपॉडला बॅग लटकवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. वाऱ्यात लटकलेली बॅग झुलते आणि ट्रायपॉडच हलवते. लटकवायची तर तळ जमिनीला टेकेल इतकी खाली. मधला दांडा वर काढू नका, पाय पसरून उंची कमी करा, एक पाय वाऱ्याच्या दिशेला. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद. छत्री हवीच, लांब दांड्याची, पण ती कॅमेऱ्याच्या वर नाही, वाऱ्याच्या बाजूला आडवी धरायची. घडीची छत्री पहिल्याच झोतात उलटी होते.

दुरुस्ती कासची. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात कास लवकर होतं. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं असे रंगाचे पट्टे सप्टेंबरात भरतात. तेव्हा जा, बुकिंग करून, आणि ट्रायपॉडचे पाय वाटेवरच ठेवा. आत्ताचा चौथा दिवस राखीव ठेवा, गडासाठी. उघडीप तिसऱ्याच दिवशी येईल असं कुणी लिहून दिलेलं नाही. पाचनई जुन्नरपासून बरंच लांब आहे, ओतूर-कोतूळ फिरून जावं लागतं, तेव्हा आदल्या रात्रीच तिकडे सरका. खिरेश्वरची वाट माळशेजला जवळ असली तरी पावसात तिच्यावरचे कातळटप्पे निसरडे होतात, पाठीवर कॅमेरा घेऊन नको.

हवामान खात्याचा इशारा बघताना जिल्ह्याचा नको, घाटाचा बघा, तो पुष्कळदा वेगळा देतात. पिवळा असेल तर चला. नारंगी म्हणजे २४ तासांत ११५ मिलिमीटरच्या वर पाऊस धरून चाला, त्या दिवशी जुन्नरच्या पूर्वेला. लाल असेल तर खोलीत बसून काचा पुसा. धबधब्यांवर प्रशासनाचे मनाई आदेशही असतात, निघण्यापूर्वी स्थानिक बातम्या पाहा.

ओढ्यात उभं राहून फोटो काढताना पाण्याचा रंग बघत राहा. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली किंवा आवाज जड झाला की ट्रायपॉड तिथेच सोडून काठावर. वर पाऊस पडलाय आणि लोंढा येतोय. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरीही. कोकणकड्यावर ओठापर्यंत झोपून जायचं, ट्रायपॉड दोन मीटर मागे. ५५-२५० असल्यावर ओठावर जायचं कारणही उरत नाही.

---

चिंब_चौकट

ठरलं तर. कास सप्टेंबरात. पहिले दोन दिवस मुक्काम ओतूरला, पहाटे पाचला आकडेमोड करून मोरोशी, नाणेघाट किंवा पिंपळगाव जोगा. तिसरा-चौथा पाचनईला, जो उघडेल तो गडासाठी. एक शंका: फोन सोबत आहेच, पावसात तोच जास्त वापरला तर?

---

दमट_हवा

वापरा, पण ओल्या स्क्रीनवर बोट चालत नाही, आवाजाच्या बटणाने फोटो काढायची सोय आधीच चालू करून ठेवा. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, धुक्यात जेपीईजीचे पट्टे पडतात. फोनच्या लेन्सवर खिशातल्या बोटांचं तेल असतं, त्यावर पाणी पडलं की सगळं धूसर. तिथे आधी शर्टाचं कोरडं टोक, मग मायक्रोफायबर. आणि रात्री चार्जिंगच्या भोकात ओल आहे असा संदेश आला तर केबल काढून फोन भोक खाली करून उभा ठेवा, फुंकर मारू नका. फुंकरीतही वाफच असते.

ट्रायपॉडचंही तसंच. पायाचे सगळे टप्पे उघडून उलटा उभा करा, पाणी नळीत राहतं. अॅल्युमिनियम गंजत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. आतले स्क्रू लोखंडी असतात.